सीमासंरक्षण आणि जन्मनोंदवही : वऱ्हाडाच्या संदर्भात एक विवेचन

परतवाडा हे अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव मेळघाटाच्या पायथ्याशी वसले आहे. येथून बैतुलकडे जाणारा रस्ता थोड्याच अंतरावर मध्य प्रदेशात शिरतो. परंतु देशाची आंतरराष्ट्रीय सीमा येथून कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे, आणि ज्या सीमेविषयी आज सर्वाधिक चर्चा होते ती बांगलादेशाची सीमा तर हजार किलोमीटरांहूनही दूर आहे. असे असता परकीयांचा प्रवेश, त्यांचा शोध आणि त्यांची परत पाठवणी हे प्रश्न २०२५ साली अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत चर्चेचे प्रमुख विषय व्हावेत, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. या चर्चेचे केंद्र कुंपण किंवा नाका हे नव्हते. ते होते तहसील कार्यालयातील जन्मनोंदवही.

ही घटना आनुषंगिक मानता येणार नाही. देशाच्या अंतर्भागात सीमा ही जमिनीवरील रेषा राहत नाही. ती कागदाच्या रूपाने अस्तित्वात असते. अमुक व्यक्ती या देशाची आहे किंवा नाही हे जेथे ठरविले जाते, तेथे सीमा असते. यास्तव परकीयविषयक धोरणाच्या सुधारणेचा विचार करताना कुंपण, शिक्षा आणि हद्दपारी यांच्या जोडीस पुराव्याचा, म्हणजेच नोंदीचा, विचार होणे अपरिहार्य ठरते. प्रस्तुत लेखात या विधानाची छाननी वऱ्हाडातील नोंदींच्या इतिहासाच्या आधारे केली आहे.

१. कायद्याची घडण

परकीयांच्या संबंधातील भारतीय कायदा दीर्घकाळ चार अधिनियमांत विखुरलेला होता : पारपत्र (भारतात प्रवेश) अधिनियम १९२०, परकीय नोंदणी अधिनियम १९३९, परकीय अधिनियम १९४६ आणि वाहकांच्या दायित्वासंबंधीचा २००० सालचा अधिनियम. यांपैकी पहिले तीन ब्रिटिश अमदानीतील असून त्यांतील दोन महायुद्धाच्या छायेत तयार झाले. परकी माणूस हा संशयास्पद, आणि त्याच्याविषयी शासनाचे अधिकार जवळजवळ अनिर्बंध, ही त्या काळाची भूमिका त्यांत उमटली आहे. हे चारही अधिनियम रद्द करून त्यांच्या जागी ‘आप्रवासन व परकीय अधिनियम, २०२५’ हा एकच कायदा आणण्यात आला. राष्ट्रपतींची संमती त्यास ४ एप्रिल २०२५ रोजी मिळाली व १ सप्टेंबर २०२५ पासून तो अमलात आला. बनावट पारपत्र अथवा प्रवासपत्र वापरणाऱ्यास दोन ते सात वर्षांचा कारावास आणि एक ते दहा लाख रुपये दंड, अशी कडक तरतूद त्यात आहे. वसतिगृहे, शिक्षणसंस्था व रुग्णालये यांनी आपल्याकडील परकीयांची माहिती शासनास कळवावी, असाही दंडक आहे.

विखुरलेले कायदे एकत्र आले ही सुधारणा स्वागतार्हच होय. तथापि एका मूलभूत बाबतीत जुनीच रचना कायम राहिली. १९४६ च्या अधिनियमातील नवव्या कलमानुसार, एखादी व्यक्ती परकीय आहे किंवा नाही असा प्रश्न उपस्थित झाल्यास ती परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच असे. नव्या कायद्यानेही ती तशीच ठेवली आहे. सामान्य फौजदारी न्यायात आरोप करणाराने तो शाबीत करावयाचा असतो. येथे मात्र ज्याच्यावर आरोप होतो त्याने तो खोडून काढावयाचा असतो.

आता हे खोडून काढावयाचे कशाच्या बळावर? याचे उत्तर नागरिकत्व अधिनियम १९५५ मध्ये सापडते. त्या अधिनियमात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांमुळे जन्माधिष्ठित नागरिकत्वाचे तीन कालखंड पडले आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर, परंतु १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती केवळ जन्मानेच नागरिक ठरते. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ पूर्वीपर्यंत जन्मलेल्याच्या बाबतीत आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असणे आवश्यक आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याच्या बाबतीत एक पालक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आहे. म्हणजेच जन्मतारीख, जन्मस्थान आणि मातापित्यांची ओळख या तीन गोष्टींवर सर्व भिस्त आहे; आणि या तीनही गोष्टी एकत्र सांगणारा कागद एकच, तो म्हणजे जन्माचा दाखला. आधारपत्र, पॅनपत्र किंवा मतदार ओळखपत्र एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे जन्मनोंदीचे महत्त्व अधिकच वाढले.

२. वऱ्हाडातील जन्मनोंद

अशी ज्या कागदाची थोरवी, तो वऱ्हाडात कितपत उपलब्ध आहे? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले; परंतु त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व कायम राहिले. १९०२ च्या कराराने हा प्रांत सालिना २५ लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर देण्यात आला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, आणि १९३६ च्या करारातही निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करून त्याच्या वारसास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यात आला. याचा अर्थ असा की, परतवाड्याच्या लष्करी छावणीलगत राहणाऱ्या रहिवाशाचा सारा, न्याय व बंदोबस्त इंग्रज अंमलदारांच्या हाती होता. पण काटेकोर कायद्याच्या दृष्टीने त्याची भूमी ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हती. राहणे एका सत्तेखाली आणि प्रजाजन म्हणून नाते दुसऱ्या सत्तेशी, अशी स्थिती या प्रदेशाने सुमारे शतकभर अनुभवली. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने ही गुंतागुंत फार साधेपणाने सोडविली. घटनेच्या प्रारंभी ज्याचे अधिवास भारतात आहे आणि जो येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी एक येथे जन्मला, किंवा ज्याचे सलग पाच वर्षे येथे सामान्यतः वास्तव्य आहे, तो नागरिक. वास्तव्य हाही पुरावा होय, असे घटनाकारांनी मानले होते.

फाळणीनंतर अमरावती व अकोला येथे येऊन स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांचा प्रश्नही सहाव्या अनुच्छेदाने याच रीतीने सोडविला. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना वास्तव्याच्या आधारे, आणि त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणीद्वारे नागरिकत्व मिळाले. घरदार सोडून आलेल्या माणसाजवळ जन्मनोंदीचा उतारा असेल, अशी अपेक्षा त्या वेळी कोणी केली नाही.

गावपातळीवर जन्ममृत्यूची नोंद वऱ्हाडात पूर्वीपासून होत असे. गावचा कोतवाल आपल्या पुस्तकात ही नोंद ठेवी. म्हणूनच विदर्भात तिला आजही ‘कोतवाल बुक’ असे म्हणतात, आणि जातपडताळणीच्या प्रकरणांत तिच्या नकलेस मोठे मोल असते. परंतु या नोंदीचे स्वरूप पाहिले म्हणजे तिच्या मर्यादाही ध्यानी येतात. बहुधा तिच्यात बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख आढळतो. बारशापूर्वीच नोंद होत असल्याने मुलाचे नाव नसते. जुन्या नोंदींपैकी काही मोडी लिपीत आहेत. गावांची व जिल्ह्यांची नावेही बदलली आहेत. १९०५ पर्यंत इलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता, पुढे तो अमरावतीत विलीन झाला आणि इलिचपूरचे अचलपूर झाले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परतवाडा आणि बैतुल एकाच राज्यात होते; त्या दिवशी राज्यपुनर्रचनेने त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली. मेळघाटातील कोरकू समाज या सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरला आहे. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी परिस्थिती तेथे नित्याची आहे, आणि घरीच होणाऱ्या बाळंतपणांची नोंद पूर्वी कित्येकदा होतच नसे.

हे केवळ वऱ्हाडापुरते खरे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील पाच वर्षांखालील बालकांपैकी केवळ ४१ टक्के बालकांच्या जन्माची नोंद झालेली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांवर पोहोचले. प्रगती लक्षणीय आहे. परंतु तिचा व्यत्यासही लक्षात घ्यावा लागतो. आज जे प्रौढ आहेत त्यांच्यापैकी फार मोठ्या वर्गाची जन्मनोंद वेळेवर झालेलीच नाही. तेव्हा उशिराने जन्मनोंद करून घेणे ही त्या पिढीच्या बाबतीत विचित्र वा संशयास्पद गोष्ट नव्हे. तीच तिची सर्वसामान्य स्थिती होय.

३. २०२३ ची दुरुस्ती आणि तिचे परिणाम

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या तेराव्या कलमाने विलंबित नोंदीची वाट मोकळी ठेवली आहे. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेले असल्यास नोंद करण्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून काढून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, अथवा जिल्हादंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे सोपविला. याच दुरुस्तीने, तिच्या प्रारंभानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, शासकीय नोकरी, पारपत्र आदी कामी जन्मदाखला हा जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा एकमेव पुरावा ठरविला. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली.

या दोन तरतुदींचा एकत्रित परिणाम सहज समजण्यासारखा आहे. एकीकडे दाखल्याचे मोल वाढले. दुसरीकडे तो मिळविण्याचे ठिकाण न्यायालयातून महसूल कार्यालयात आले. न्यायालयात साक्षीपुरावा होई व त्याची नोंद राही. महसुली कचेरीत, जेथे दाखल्यांची रोजचीच रांग असते, तेथे ही चौकशी अर्ज, प्रतिज्ञालेख आणि जोडपत्रे यांपुरती आटोपण्याचा धोका उत्पन्न झाला. अशा स्थितीत मध्यस्थ आणि दलाल यांना वाव मिळावा, हेही स्वाभाविकच होते.

बांगलादेशी व रोहिंग्या यांनी या मार्गाने मोठ्या संख्येने जन्मदाखले मिळविले, असे आरोप राजकीय क्षेत्रातून झाले, आणि त्यांत मालेगावबरोबर अमरावती व अकोला या जिल्ह्यांची नावे पुढे आली. जानेवारी २०२५ मध्ये राज्यशासनाने चौकशीसाठी विशेष तपासपथक नेमले व विलंबित नोंदींचे आदेश देण्याचे काम थांबविले. मार्चमध्ये अधिक कडक अशी नवी कार्यपद्धती लागू केली. दुरुस्तीनंतर नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द करण्याची पावलेही पुढे उचलण्यात आली.

या प्रकरणात दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झाली आहे, ती दूर करणे अगत्याचे आहे. पहिला प्रश्न लबाडीचा : अर्जदाराने खोटी कागदपत्रे देऊन दाखला मिळविला काय? दुसरा प्रश्न अधिकाराचा : आदेश देणारा अंमलदार त्यासाठी विधिवत प्राधिकृत होता काय? लबाडी असेल तर दाखला रद्द होणे व गुन्हा दाखल होणे न्याय्यच आहे. परंतु अंमलदार प्राधिकृत नव्हता एवढ्याच कारणाने दाखला रद्द होतो, तेव्हा ज्या मजुराने वा विधवेने खऱ्या माहितीवर, शासनाच्याच कचेरीत, शासनाच्याच मोहोरेने तो मिळविला, तिला शासनाच्या चुकीचे फळ भोगावे लागते. तिच्या दृष्टीने रद्द झालेला दाखला हा दाखला नसण्याहूनही वाईट. कारण आता तो संशयाचे कारण बनतो.

४. शाबितीच्या जबाबदारीचा प्रश्न

शाबितीची जबाबदारी संशयितावर टाकण्यामागे एक युक्तिवाद आहे, आणि तो दुर्लक्षणीय नाही. आपला जन्म कोठे झाला, आपले आईबाप कोण, ही माहिती विशेषेकरून त्या व्यक्तीसच असते. शासनाने ती सिद्ध करावी असे म्हटले तर कोणताही परकीय केवळ मौन धरून सुटेल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सर्बानंद सोनोवाल प्रकरणी आसामपुरता लागू असलेला १९८३ चा अधिनियम रद्द केला, तो मुख्यतः याच विचाराने. सुमारे ४,०९६ किलोमीटर लांबीच्या, नद्यांनी व शेतांनी छेदलेल्या बांगलादेश सीमेवर केवळ कुंपणाने प्रवेश थांबत नाही, हेही खरे आहे.

परंतु या युक्तिवादास मर्यादा आहे. जन्माची घटना व्यक्तीस ठाऊक असते असे म्हणणे अर्धसत्य होय. जन्माची नोंद ही शासनाने ठेवावयाची असते आणि ती शासनाच्याच दप्तरात असते. कोतवालाने नोंद केली नाही, तिला वाळवी लागली, किंवा ती मोडीत असल्याने कोणास वाचता आली नाही, तर त्यात त्या व्यक्तीचा दोष कोणता? सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी आसामच्याच एका प्रकरणात या दृष्टीने महत्त्वाचा निर्वाळा दिला. केवळ संशय किंवा ऐकीव आरोप पुरेसा नाही; शाबितीची जबाबदारी व्यक्तीकडे जाण्यापूर्वी शासनाजवळ काही ठोस साहित्य असले पाहिजे आणि ते त्या व्यक्तीस कळविले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. कागदपत्रांतील नावाच्या वा तारखेच्या किरकोळ विसंगतींवरून नागरिकत्व नाकारू नये, हेही त्यात स्पष्ट झाले.

या निर्वाळ्याचे महत्त्व आसामच्या अनुभवाने पटते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. विवाहित स्त्रियांची अडचण तेथे विशेष होती : जन्मनोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आणि लग्नानंतर नाव बदललेले, अशा स्त्रीस बापाशी आपले नाते सिद्ध करण्यास ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज दुसरा आधार नव्हता. असा दाखला, योग्य पडताळणीनंतर, दुवा म्हणून ग्राह्य धरावा असे सर्वोच्च न्यायालयास ५ डिसेंबर २०१७ रोजी सांगावे लागले. मेळघाटातून सासरी गेलेल्या स्त्रीची स्थिती याहून वेगळी नाही.

महाराष्ट्रातही घाईचे परिणाम दिसून आले आहेत. जुलै १९९८ मध्ये बांगलादेशी ठरवून मुंबईहून रेल्वेने पाठविलेल्या बंगाली भाषिक मजुरांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया येथे जमावाने सोडवून घेतले, आणि दोन राज्यशासनांत वाद उद्भवला. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने संशयितांच्या पडताळणीस ३० दिवसांची मुदत घातली. त्यानंतरच्याच महिन्यात मुंबई परिसरातून ताब्यात घेतलेल्या, मूळच्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना सीमेपलीकडे धाडण्यात आले व ते भारतीयच असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. ज्या माणसाची नोंद दुसऱ्या राज्यातील एखाद्या गावी आहे, त्याच्या बाबतीत पडताळणी म्हणजे त्या गावाशी पत्रव्यवहार. आणि तो पुरा होण्यापूर्वी झालेली कारवाई ही पडताळणी नव्हेच.

५. अन्य देशांचा अनुभव

नोंदीच्या अभावी नागरिकत्व धोक्यात येणे हा केवळ आपल्याकडील प्रकार नाही. ब्रिटनमध्ये १९४८ नंतर वेस्ट इंडीजमधून आलेल्या पिढीस १९७१ च्या कायद्याने वास्तव्याचा हक्क मिळाला होता, परंतु त्याचा कागद बहुतेकांना दिला गेला नाही. २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारे व बँका यांच्यावर कागदपत्रे तपासण्याचे बंधन घातले, तेव्हा आयुष्यभर कर भरलेल्या वृद्धांवर आपला हक्क सिद्ध करण्याची पाळी आली. त्यांच्या आगमनाची साक्ष देणारी जुनी उतरणपत्रे गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती. पुराव्याची मागणी करणारे व पुरावा नष्ट करणारे खाते एकच होते. २०२० च्या अधिकृत अहवालाने या खात्यावर कठोर टीका केली.

अमेरिकेतील उदाहरण प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. पण तेथे जन्मलेला चिनी हा नागरिक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये ठरविले. १९०६ च्या भूकंपात व आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मदप्तरे जळाली, आणि मग अनेकांनी आपण तेथेच जन्मल्याचे सांगून नागरिकत्व व पुढे आपल्या ‘कागदी मुलां’करिता प्रवेश मिळविला. लबाडी झाली यात शंका नाही. परंतु ती उघडकीस आणण्यासाठी चालविलेल्या कसून उलटतपासण्यांचा जाच खऱ्या मुलांनाही तितकाच झाला. नोंद नसली म्हणजे लबाड आणि प्रामाणिक यांच्यातील भेदच पुसला जातो, हा या प्रकरणाचा धडा होय.

अधिकाराच्या मुद्द्यावर दिलेला हक्क परत घेता येतो काय, या प्रश्नाशी एका हिंदी वकिलाचे नाव निगडित आहे. सखाराम गणेश पंडित यांना १९१४ साली अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणी, ज्यात पंडित हेच थिंद यांचे वकील होते, हिंदी लोक नागरिकत्वास पात्र नाहीत असा निकाल झाला, आणि अमेरिकन शासनाने पूर्वी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्यास आरंभ केला. पंडितांनी युक्तिवाद केला की, हा प्रश्न एकदा न्यायालयात निर्णीत झाला आहे आणि त्या निर्णयावर विसंबून आपण आपले सारे जीवन उभारले आहे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, व पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. भारतीय विधिशास्त्रातही यास जवळचे तत्त्व आहे. १९८१ च्या गोकराजू रंगराजू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, अंमलदाराच्या नेमणुकीत दोष असला तरी त्याने पदाच्या नात्याने केलेली कृत्ये लोकहितार्थ वैध राहतात. नेमणुकीतील दोष आणि कायद्याने अधिकारच नसणे यांत फरक आहे, हे मान्य करूनही, त्या तत्त्वामागील न्यायबुद्धी येथेही मार्गदर्शक ठरावी.

६. सुधारणेच्या दिशा

परकीयविषयक धोरणाच्या सुधारणेचे सध्या दोन पक्ष आहेत. एक पक्ष कुंपण, जैविक ओळख, निरोधनकेंद्रे व जलद परतपाठवणी यांवर भर देतो. दुसरा पक्ष निर्वासितांसाठी स्वतंत्र कायद्याची मागणी करतो. १९५१ चा निर्वासितविषयक करार व १९६७ चा पूरकलेख यांवर भारताने सही केलेली नाही आणि देशात तसा कायदाही नाही, याकडे तो लक्ष वेधतो. दोन्ही पक्षांच्या मागण्यांत तथ्य आहे. परंतु जो परकीयही नाही व निर्वासितही नाही, ज्याच्याजवळ फक्त कागद नाही, त्याचा विचार दोहोंतही गौण राहतो. पूर्वोक्त विवेचनावरून त्याच्या दृष्टीने पाच सूचना निष्पन्न होतात.

पहिली, शोधाची जबाबदारी. नागरिकाकडे पुरावा मागण्यापूर्वी शासनाने स्वतःच्या दप्तराचा शोध घ्यावा. हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामी राज्यभरातील महसुली, शालेय व गावदप्तरे, मोडी व उर्दू लिपीतील कागदांसह, तपासण्यात आली आणि कुणबी असल्याच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती आल्या. त्यांतील फार मोठा वाटा विदर्भातील होता. जे दप्तर जातीच्या नोंदीसाठी उघडता येते, ते जन्माच्या नोंदीसाठीही उघडता येईल. कोतवाल बुकांचे वाचन, छायाचित्रण व सूची हे काम विद्यापीठांच्या इतिहासविभागांनाही हाती घेता येण्याजोगे आहे.

दुसरी, दोन निर्णयांची फारकत. जन्माची नोंद ही एका घटनेची नोंद होय. तिच्यावरून नागरिकत्व आपोआप सिद्ध होत नाही, विशेषतः १९८७ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत. येथे जन्मलेल्या परकीयाच्या मुलाचीही नोंद व्हावी हीच कायद्याची अपेक्षा आहे. नोंदणीच्या कचेरीस सीमारक्षकाचे काम दिले की नोंदणीही बिघडते आणि रक्षणही होत नाही.

तिसरी, चौकशीचा दर्जा. विलंबित नोंदीचा अधिकार कार्यकारी अंमलदाराकडेच राहावयाचा असेल, तर जाहीर सूचना, गावच्या वृद्धांचे व दायांचे जबाब, शाळेच्या मूळ दाखलखारीज पुस्तकाची तपासणी आणि सकारण लेखी आदेश हे आवश्यक मानावे. अशी चौकशी लबाडास अडविते व प्रामाणिकास संरक्षण देते.

चौथी, रद्द करण्याची रीत. दिलेला दाखला सरसकट रद्द न करता प्रत्येक व्यक्तीस कारणे दाखवून, तिचे म्हणणे ऐकून मगच निर्णय व्हावा. दोष केवळ अंमलदाराच्या अधिकारातील असेल, तर तेच प्रकरण सक्षम अधिकाऱ्यापुढे ठेवून निकालात काढावे, आणि तोवर मूळ दाखला संशयाचा पुरावा मानू नये.

पाचवी, निर्णय करणारी संस्था. परकीय न्यायाधिकरणे प्रत्यक्षात आसामातच कार्यरत राहिली आहेत. इतर राज्यांत परत पाठवणीपूर्वी नागरिकत्वाचा प्रश्न निर्णीत करणारी स्वतंत्र यंत्रणा नाही. पोलिसी चौकशीवरच बहुतांशी भार पडतो. आसामातील न्यायाधिकरणांचे दोष टाळून, न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, विधिसाहाय्यासह व अपिलाच्या तरतुदीसह जिल्ह्यागणिक अशी यंत्रणा उभारल्यास ३० दिवसांच्या मुदतीसही काही अर्थ येईल.

या सूचनांनी सीमेचे रक्षण शिथिल होईल, अशी शंका घेतली जाण्याचा संभव आहे. वस्तुतः परिणाम उलट होईल. ज्या राज्याची नोंदवही विश्वसनीय असते, त्यास परकीय ओळखणे सोपे जाते. ज्याची नोंदवही अपुरी असते, त्यास सर्वांवरच संशय घ्यावा लागतो, आणि सर्वांवर घेतलेल्या संशयात खरा अपराधी सहज लपतो.

परतवाड्याच्या बाजारात बैतुलकडून येणारा कोरकू, फाळणीनंतर वऱ्हाडात स्थिरावलेल्या सिंधी व्यापाऱ्याचा नातू, आणि अचलपुरात पिढ्यानुपिढ्या राहणारा मुसलमान कारागीर या तिघांच्या नागरिकत्वाचा आधार इतिहासाने वेगवेगळा ठरविला आहे. परंतु उद्या त्यांच्यापैकी कोणास प्रश्न विचारला गेला, तर उत्तर शोधण्याची जागा एकच आहे : गावदप्तरातील ती जुनी नोंदवही. तिच्यातील पाने शाबूत आहेत काय, ती वाचता येतात काय, आणि ती वाचण्याची तसदी प्रथम कोणी घ्यावयाची, या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यावाचून परकीयविषयक धोरणाची कोणतीही सुधारणा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही.